नेम आणि मनाची वकिली

भिलाईच्या पोलाद कारखान्यात पाळी सकाळी सहाला, दुपारी दोनला आणि रात्री दहाला बदलते. पाळी बदलताना जाणारा मनुष्य येणाऱ्या मनुष्यासाठी वहीत नोंद करून ठेवतो. आपल्या आठ तासांत काय घडले, कोणते यंत्र कुरकुरत होते, कोणते काम अर्धे राहिले, हे त्या नोंदीत असते. रात्रीच्या माणसाने काही दडविले तर त्याचे फळ सकाळच्या माणसाला भोगावे लागते, हे तेथे प्रत्येकास ठाऊक असते. परंतु हाच मनुष्य ड्यूटी संपवून सेक्टर १० मधल्या आपल्या क्वार्टरात परतला, म्हणजे त्याचा स्वतःशी चाललेला व्यवहार इतका सरळ राहत नाही. उद्या पहाटे उठून फिरावयास जायचे, असे रात्री जेवताना ठरविणारा तोच असतो, आणि मध्यरात्र उलटेपर्यंत हातातल्या मोबाइलवर डोळे लावून त्या पहाटेचा घात करणाराही तोच असतो. सकाळच्या माणसासाठी रात्रीच्या माणसाने येथे कसलीच नोंद ठेवलेली नसते.

आरोग्याच्या चांगल्या सवयी लागत का नाहीत, या प्रश्नाचे ठराविक उत्तर आळस हे आहे. ते उत्तर सोपे आहे आणि बऱ्याच अंशी चुकीचे आहे. ज्याने वीस वर्षे रात्रपाळ्या केल्या, वैशाखाच्या उन्हात भट्टीसमोर उभे राहून काम केले, मुलांच्या शिक्षणासाठी पैसा पैसा बाजूला टाकला, त्याला आळशी म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग होय. त्याच्या ठायी निग्रह भरपूर आहे. फक्त स्वतःच्या प्रकृतीचा प्रश्न आला की तो निग्रह त्याच्याच विरुद्ध कामाला लागतो. या चमत्कारिक व्यवहाराची रीत कशी असते आणि त्यातून सुटका कशी होते, एवढाच येथे विचार करावयाचा आहे.

भिलाईला मराठी माणूस नवखा नाही. सोव्हिएत संघाशी या कारखान्याचा करार फेब्रुवारी १९५५ मध्ये झाला, त्या वेळी दुर्ग आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचना झाली १९५६ च्या नोव्हेंबरात. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले, तेव्हा विदर्भ दुसऱ्या राज्यात गेला होता. पण नागपूरहून रेल्वेने काही तासांत पोचता येई आणि माणसे पोचली. त्यांची दुसरी-तिसरी पिढी आज छत्तीसगडात नांदते आहे. सकाळी पोहे-जिलेबी, संध्याकाळी गुपचूप, सणाला पुरणपोळी आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी, असा दोन्ही मुलखांचा रुचिकर संगम त्यांच्या घरी झाला आहे. प्रकृतीच्या दृष्टीने हा संगम थोडा महागच पडतो.

अशा घरातला पंचेचाळिशीचा एक गृहस्थ डोळ्यांपुढे आणावा. तो कोणी एक नव्हे. त्याच्यासारखे पुष्कळ आहेत. शेजारच्या सेक्टर ९ मधल्या जवाहरलाल नेहरू रुग्णालयात त्याने रक्त तपासून घेतले आणि साखर सीमेवर आल्याचे डॉक्टरांनी सांगितले. ही सीमा ओलांडलेल्यांची संख्या लहान नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. डॉक्टरांनी या गृहस्थास तीन गोष्टी सांगितल्या: रोज चालावे, साखर कमी करावी, तंबाखू सोडावा. गृहस्थ घरी आला आणि गुढीपाडव्याचा मुहूर्त धरून त्याने निश्चय केला की, रोज पहाटे पाचला उठून आठ किलोमीटर चालायचे; साखर, तळण आणि तंबाखू एकदम बंद.

घाताची सुरुवात येथेच झाली. डॉक्टरांनी आठ किलोमीटर सांगितले नव्हते. तळणाचे नाव त्यांनी काढले नव्हते. मग एवढा अवाढव्य निश्चय कशासाठी? वरवर पाहता ही उत्साहाची खूण वाटते. पण थोडे खोल पाहिले तर यात एक सोय दडलेली असते. आठ किलोमीटर चालणे जमले नाही, असे सांगताना कोणास लाज वाटत नाही. उलट ऐकणाराच म्हणतो, 'अहो, आठ किलोमीटर म्हणजे काय गंमत आहे?' दहा मिनिटे चालणे जमले नाही, असे मात्र कोणाला तोंडाने सांगवत नाही. मोठा नेम मोडला तर दोष नेमाच्या मोठेपणाकडे जातो. लहान नेम मोडला तर तो माणसाकडे येतो. म्हणून मन मोठा नेम पसंत करते.

ही निव्वळ तर्कबाजी नव्हे. बर्ग्लास आणि जोन्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये एक मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना सुटण्यासारखी कोडी दिली, काहींना न सुटणारी. आणि सर्वांनाच सांगितले की, तुम्ही उत्तम केलेत. पुढच्या परीक्षेपूर्वी त्यांच्यापुढे दोन औषधे ठेवली: एक बुद्धीला चालना देणारे म्हणून, दुसरे बुद्धी मंद करणारे म्हणून. ज्यांना आपले यश कशामुळे आले हेच कळले नव्हते, त्यांच्यापैकी अनेकांनी, विशेषतः पुरुष विद्यार्थ्यांनी, मंद करणारे औषध मागून घेतले. पुढे अपयश आले तर ते औषधाच्या माथी मारता येईल आणि आपली बुद्धी निष्कलंक राहील, हा त्यातला हिशेब. सेक्टर १० मधल्या गृहस्थाचे आठ किलोमीटर म्हणजे असेच एक औषध आहे.

पहिले दहा दिवस नेम चालला. अकराव्या दिवशी पाळी फिरली आणि रात्रपाळी आली. सकाळी सहाला सुटणारा मनुष्य पहाटे पाचला फिरावयास जाणार कसा? ही अडचण नेम करताना दिसत नव्हती काय? दिनदर्शिकेत पाळीचा आठवडा स्पष्ट लिहिलेला असतो. ती पाहिली नाही याचे कारण असे की, मुहूर्ताच्या दिवशी माणूस स्वतःला एका आदर्श आठवड्यात राहणारा समजतो. त्या आठवड्यात पाहुणे येत नाहीत, पाऊस पडत नाही, मुलाला ताप येत नाही आणि पाळी कधीही फिरत नाही. दुर्दैवाने असा आठवडा भिलाईत किंवा अन्यत्र अद्याप उगवलेला नाही.

नेम एकदा चुकला की खरी परीक्षा सुरू होते. नेम चुकल्याने होणारे नुकसान किरकोळ असते. त्यानंतर मन जी वकिली करते तिच्यामुळे मोठे नुकसान होते. या वकिलाचा पहिला युक्तिवाद असा की, आता मोडलाच आहे, तर आजचा दिवस गेला. खात्यात कोणाच्या बढतीचे पेढे वाटले, एक खाल्ला, आणि एक खाल्ला म्हणून चार खाल्ले. हर्मन आणि मॅक यांनी १९७५ मध्ये हेच प्रयोगाने दाखविले. खाण्यावर सतत बंधन घालणाऱ्या व्यक्तींना आधी दुधाचे गोड पेय पाजले आणि मग आइस्क्रीम चाखावयास दिले. पोटात भर पडली होती, तेव्हा आइस्क्रीम कमी जावयास हवे होते. बंधन न पाळणाऱ्यांनी ते कमीच खाल्ले. बंधन पाळणाऱ्यांनी मात्र, पेय न घेता जेवढे खाल्ले असते त्याहून अधिक खाल्ले. बांध एका जागी फुटला म्हणजे उरलेला बांध आपल्या हाताने फोडावा, असे शेतकरी कधी करीत नाही. आहाराचा नेम करणारा ते बिनदिक्कत करतो.

दुसरा युक्तिवाद आपल्या भाषेला फार जुन्या काळापासून माहीत आहे. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण घडविणाऱ्या अनामिकाला कोणत्याही विद्यापीठाची पदवी नसावी, पण मनाचा कायदा त्याला नेमका समजला होता. चांगले कृत्य केले की वाईटाचा परवाना मिळाला, असे मन मानते. उपवास आहे म्हणून साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा आणि तूप! यांतला बटाटा, शेंगदाणा आणि ज्यापासून साबुदाणा होतो तो कंद, हे तिन्ही मूळचे अमेरिका खंडातले. म्हणजे उपवासाला चालणारे पदार्थ ठरविताना सुद्धा वकिलाने सात समुद्रांपलीकडचे साक्षीदार आणले! आजचा गृहस्थ अर्धा तास चालतो आणि परतताना समोसा खातो. कारण तो चाललेला असतो. अर्ध्या तासात त्याने जेवढी उष्णता खर्च केली असेल, तेवढी एका मोठ्या समोशात सहज परत येते.

तिसरा युक्तिवाद अधिक सूक्ष्म आहे आणि थोरांनाही त्याने सोडलेले नाही. गांधीजींनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले. पुढे मोठ्या आजारानंतर मुंबईत डॉक्टरांनी दुधाचा आग्रह धरला, तेव्हा व्रत घेताना मनात गाय आणि म्हैस होती, शेळी नव्हती, अशी वाट कस्तुरबांनी दाखविली, आणि गांधीजींनी शेळीचे दूध घेतले. जगण्याच्या इच्छेने ते घेतले खरे; पण व्रताचे शब्द राखले आणि आत्मा गमावला, अशी टोचणी त्यांनी आत्मकथेत नोंदवून ठेवली. वाट सर्वांनाच सापडते; आपण वाट काढली हे लिहून ठेवणारा विरळा. सामान्य मनुष्य चहातली साखर सोडतो आणि चहाबरोबरची बिस्किटे दोनाची चार करतो. विचारले तर म्हणतो, 'साखर सोडली आहे.'

आणि शेवटचा, सर्वांत गोड युक्तिवाद म्हणजे सोमवार. नेम बुधवारी मोडला तर गुरुवारी सुरू करता येतो. पण मनाला कोरी पाटी हवी असते. सोमवार, महिन्याची पहिली तारीख, दसरा, नवे वर्ष. कोऱ्या पाटीच्या या हौसेत गुरुवार ते रविवार हे चार दिवस निकालात निघतात, आणि त्यांत जे खाल्ले जाते ते 'आता शेवटचेच' म्हणून अधिकच खाल्ले जाते. वर्षाकाठी असे किती गुरुवार जातात, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

तर मग उपाय काय? अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये सवयीवर जे प्रकरण लिहिले, त्यात त्यांचे सांगणे असे होते की, नवी सवय पक्की मुरेपर्यंत एकही अपवाद होऊ देऊ नये. सुताचा गुंडा हातातून एकदा निसटला तर गुंडाळण्याची कितीतरी मेहनत वाया जाते. उपदेश भारदस्त आहे आणि पिढ्यान् पिढ्या तो सांगितला गेला आहे. परंतु निसटलेल्या गुंड्याची हीच धास्ती वर सांगितलेल्या वकिलाला बळ देते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास येथे दिलासा देणारा आहे. ९६ स्वयंसेवकांनी प्रत्येकी एक छोटी गोष्ट निवडली, जसे दुपारच्या जेवणाबरोबर पाणी पिणे किंवा रात्रीच्या जेवणापूर्वी थोडे धावणे. ती अंगवळणी पडण्यास कोणाला १८ दिवस पुरतील असे दिसले, तर कोणाला २५४ लागतील असे. मधला आकडा ६६ दिवसांचा होता. व्यायामाला पाणी पिण्यापेक्षा अधिक काळ लागला, हे कोणीही सांगितले असते. महत्त्वाची गोष्ट निराळीच होती: एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्याच्या क्रियेत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. गुंडा निसटतो, पण जेम्स समजत होते तितके सूत त्यातून सुटत नाही.

हे तत्त्व भिलाईच्या माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. कारखान्यात कोळशाचा कोक करणाऱ्या भट्ट्यांच्या रांगा आहेत. त्यांच्या भिंती सिलिकाच्या विटांच्या असतात आणि त्या विटा थंड झाल्या की तडकतात. म्हणून कोकची गरज कमी झाली, काम मंदावले, तरी भट्टी विझू देत नाहीत. कोक कमी काढतात, पण ऊब राखतात. झोतभट्टीचा झोत काही कारणाने थांबवावा लागला, तर ती पुन्हा चालू करण्याची ठरलेली रीत असते. झोत थांबला म्हणून भट्टी टाकून देऊन पुढच्या दसऱ्याला नवी बांधू, असे कोणी म्हणत नाही. स्वतःच्या नेमाबाबत मात्र हाच अनुभवी कारागीर नेमके तसे म्हणत असतो.

तेव्हा नेम करतानाच दोन मापे ठरवावीत: एक चांगल्या दिवसाचे, एक वाईट दिवसाचे. चांगल्या दिवशी अर्धा तास चालणे. वाईट दिवशी, म्हणजे रात्रपाळीनंतर, पाहुणे असताना किंवा मुसळधार पावसात, घरातल्या घरात किंवा जिन्यावर दहा मिनिटे. या दहा मिनिटांनी वजन उतरणार नाही, हे खरेच. ती विटा तडकू नयेत म्हणून आहेत. दुसरी गोष्ट, नेम घड्याळाला बांधू नये, कारण पाळीवाल्याचे घड्याळ दर आठवड्याला फिरते. तो एखाद्या घटनेला बांधावा. कोणत्याही पाळीहून परतल्यावर सायकल किंवा स्कूटर लावली, की क्वार्टरात शिरण्यापूर्वी सेक्टरला एक फेरी, जोडे काढण्यापूर्वी. एकदा जोडे निघाले आणि चहा पुढे आला, की वकील उभा राहिलाच. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी 'अमुक घडले की तमुक करीन' अशा प्रकारच्या संकल्पांवर बरेच काम केले आहे. नुसत्या 'व्यायाम करीन' या संकल्पापेक्षा असे संकल्प अधिक पार पडतात, असे त्यांत दिसून आले.

महाराष्ट्रात याचे एक उत्तम उदाहरण औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचे आहे. तरुणपणी त्यांनी सँडोच्या पद्धतीची साधने आणून कित्येक वर्षे व्यायाम केला. पुढे १९०८ च्या सुमारास ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि १९५१ मध्ये देह ठेवीपर्यंत त्याच मार्गाचे प्रचारक राहिले. संस्थानातल्या शाळांतूनही त्यांनी सूर्यनमस्कार सुरू केले. राजाला साधनांची वाण नव्हती. तरीही त्यांनी सतरंजीएवढ्या जागेत होणारा, साधन न लागणारा, एकावर एक संख्या वाढविता येणारा प्रकार पसंत केला, यात व्यवहारज्ञान आहे. ज्याला काही आणावे लागत नाही, त्याला 'आणले नाही' ही सबब चालत नाही.

आपल्या चातुर्मासाच्या नेमांतही असाच शहाणपणा होता. ते चार महिन्यांपुरते असत, एका वेळी बहुधा एकच वस्तू सोडली जाई, आणि शेवटी उद्यापन असे. साखर, तळण आणि तंबाखू एकाच पाडव्याला सोडणारा मनुष्य आपल्या आजीपेक्षा अधिक धाडसी असतो, अधिक शहाणा असतोच असे नाही. शिवाय आजीचा नेम साऱ्या घराला माहीत असे, आणि घर तो सांभाळी. आज घर काय करते? गृहस्थ पहिल्या दिवशी जिलेबी नको म्हणतो, आणि आतून आवाज येतो, 'अहो, एकानं काय होतंय? मी मुद्दाम आणली.' पाहुण्याच्या घरी तर नकार हा अपमान समजला जातो. मराठी आग्रहाने जेवढ्या पंगती गोड केल्या तेवढी रक्ते सुद्धा गोड केली असतील. यात कोणाचा द्वेष नाही. प्रेमाला दुसरी भाषा येत नाही, एवढेच. तेव्हा नेम करणाऱ्याने तो मनातल्या मनात ठेवू नये. घरात सांगावा, आणि काय करावे हेही सांगावे: साखरेचा डबा ओट्यावरून फडताळात जाऊ द्या, चहा सर्वांचाच कमी गोड होऊ द्या, जिलेबी आणाल त्या दिवशी आधी विचारा.

येथे एका बाबतीत सावध राहिले पाहिजे. प्रत्येक अपयश म्हणजे स्वतःचा घात नव्हे. तंबाखूत निकोटिन असते आणि त्याची शरीराला खरीखुरी गरज जडते. छत्तीसगडात हिरड्यांवर चोळला जाणारा गुडाखू आणि महाराष्ट्रातली मशेरी, दोन्हींची गोष्ट तीच. ती सोडताना होणारी चिडचिड, झोपमोड आणि तगमग हा मनाचा दुबळेपणा नाही. त्यावर औषधे आहेत आणि ती डॉक्टरांकडे मागण्यात कमीपणा नाही. तसेच रात्रपाळी ही स्वतःच शरीरावर पडणारा भार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये तिची गणना संभाव्य कर्करोगकारक गोष्टींत केली. रात्री जागलेल्या माणसाला सकाळी गोड आणि तळकट खावेसे अधिक वाटते. त्याला आधी झोप द्यावी, व्याख्यान नंतर.

राहिला प्रश्न त्या नोंदवहीचा. कारखान्यातली वही उपयोगी पडते, कारण तीत शिव्या नसतात. यंत्र बंद पडले, अमुक वाजता, अमुक कारणाने, एवढेच लिहिलेले असते. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर असेच दोन शब्द रोज लिहावेत: चाललो, दहा मिनिटे, नाही, लग्न होते, नाही, कंटाळा. 'कंटाळा' हा शब्द लिहिणे फार कठीण जाते. हात आपोआप 'पाऊस' लिहू लागतो. पण महिनाभराच्या अशा नोंदीतून गृहस्थाला दिसून येते की, आपले बहुतेक नागे पाळी बदलण्याच्या आदल्या-मागल्या दिवशी पडतात, किंवा एका विशिष्ट मित्राबरोबर चहाला गेलो त्याच दिवशी पडतात. हे दिसले म्हणजे निग्रह कोठे खर्च करावयाचा ते कळते. बाकीचे सत्तावीस दिवस तो शिलकीत राहतो.

या गृहस्थाची पुढची रक्ततपासणी तीन महिन्यांनी आहे. उपाशीपोटीच्या साखरेची एकच तपासणी असती, तर आदले दोन दिवस गोड बंद करून ती पुष्कळशी साजरी करता येते. तसे करणारे लोक घरोघरी आहेत, आणि स्वतःच पैसे भरून केलेल्या परीक्षेत स्वतःच नक्कल करण्याचा हा प्रकार दुसऱ्या कोठे सहसा आढळत नाही. पण डॉक्टरांनी या वेळी ग्लायकेटेड हिमोग्लोबिनची तपासणी लिहून दिली आहे. रक्तातली तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, आणि त्या काळात रक्तात जितकी साखर असेल तितकी ती तिच्यातल्या हिमोग्लोबिनला चिकटत जाते. त्यामुळे आदल्या रात्रीचा उपवास त्या तपासणीत फारसा दिसत नाही. दिसतात ते मागले दोन-तीन महिने, त्यांतल्या रात्रपाळ्यांसह, पेढ्यांसह आणि जिन्यावरच्या दहा मिनिटांसह.